बुडालेली पायरी

जव्हार,
चैत्र वद्य चतुर्थी, शके १८३८

प्रिय गोदे,

आशीर्वाद लिहायचा तर हात अडखळतो आहे, तरी बापाचा म्हणून घे. तुझं पत्र होळीच्या आधीच आलं. बाळाला दोन दात आले, तो हात लावील ते तोंडात घालतो, हे सगळं मी तीनदा वाचलं आणि शेजारी ज्यांना ऐकायचं नव्हतं त्यांनाही वाचून दाखवलं. उत्तराला उशीर झाला त्याला कामाचं निमित्त सांगणार होतो. पण काम काही नव्हतं. रोज कागद घेऊन बसत होतो आणि पाण्याची पातळी लिहून उठत होतो. तू म्हणशील, नानांच्या पत्रात आधी विहीर येते आणि मग माणसं. आजही तसंच होणार आहे, कारण आज माणसांचं जे सांगायचं आहे ते विहिरीतूनच निघतं.

यंदा विहीर नवव्या खुणेपर्यंत उतरली आहे. एवढा पाऊस कोसळतो आपल्या या डोंगरावर, आणि चैत्रात पाहावं तर कातळ कोरडा ठणठणीत. तुला आठवत असेल, गावकीने पाण्याची देखरेख माझ्याकडे दिली तेव्हा मी त्या कातळावर वीत-वीत अंतराने खुणा खोदवून घेतल्या होत्या. रोज पहाटे, कोणी पाण्याला यायच्या आत, बेचाळीस पायऱ्या उतरायच्या, पाण्यात बुडालेल्या पहिल्या पायरीवर उभं राहायचं, काठी धरून खूण पाहायची आणि वर येऊन सांगायचं की आज घरटी चार हंडे की तीन. अठरा वर्षं एकही दिवस चुकला नाही. ‘भाऊंचं माप म्हणजे माप’ असं लोक म्हणायचे आणि मला ते ऐकायला फार आवडायचं. आता त्याचीच लाज वाटते.

गुढीपाडव्यानंतर मुंबईचा एक डॉक्टर नारूची चौकशी करत इकडे आला. गावात दरवर्षी दोन-चार पाय नारूने सुजतातच, त्यामुळे त्याला फार शोधावं लागलं नाही. मीच त्याला विहिरीवर नेलं. त्याने पेला भरून घेतला, उन्हात धरला आणि मला म्हणाला, बघा. मी अठरा वर्षं त्या पाण्याचं माप घेत होतो, पण त्याच्याकडे असं कधी पाहिलं नव्हतं. रव्याच्या कणाहून बारीक ठिपके त्यात टुणटुण उड्या मारत होते. त्याने भिंग दिलं. त्या पाण्यातल्या पिसवा होत्या. मग त्याने शांतपणे समजावलं. नारू फुटलेला माणूस पाण्यात पाय बुडवतो, तेव्हा पायातला किडा आपली पिल्लं पाण्यात सोडतो. या पिसवा त्या पिल्लांना खातात. पिसवा आपल्या हंड्यात येतात, हंड्यातून पोटात जातात, आणि वर्षभराने आपल्याच पायातून हातभर लांबीचा पांढरा दोरा बाहेर पडू लागतो. मी विचारलं, बरोब्बर वर्षाने? तो म्हणाला, साधारण वर्षाने. मी मनातल्या मनात वर्षं मोजली.

गोदे, आठ वर्षांपूर्वीचा तो उन्हाळा तुला पुरता आठवतो, हे मला ठाऊक आहे. तू दहा वर्षांची होतीस. माझ्या डाव्या घोट्यावर फोड आला होता. त्याच्या आदल्या वर्षी पहाटेचं माप झालं की कामासाठी दिवसभर खालच्या गावांत हिंडत होतो, कुठल्या डबक्याचं पाणी प्यालो कोणास ठाऊक. फोड फुटला आणि आत पांढरं टोक दिसलं तेव्हा मला दुखण्यापेक्षा भीती वाटली ती लोकांची. नारू हा पाड्यावरच्या लोकांचा रोग, घाणीत राहणाऱ्यांचा, असं गावात सगळे म्हणायचे आणि सगळ्यांत मोठ्याने मी म्हणायचो. ज्याने पाण्याची राखण करायची त्याच्याच पायात नारू! मी घोट्याला फडकं बांधलं आणि करवंदीचा काटा मोडला म्हणून सांगितलं. फोडाची आग अशी व्हायची की वहाणेचा पट्टा लागला तरी डोळ्यांत पाणी यायचं. पहाटे त्या बुडालेल्या पायरीवर पाय ठेवला की मात्र गार वाटायचं. खूण पाहायला लागतो तेवढा वेळ मी उभा राहत नव्हतो. त्याच्या कितीतरी पट राहत होतो. फडकं सोडून ठेवायचो आणि डोळे मिटून उभा राहायचो. डॉक्टर म्हणाला, तो किडा गार पाण्याचीच वाट पाहत असतो.

खालच्या पाड्यावरची बायडी पाण्याला सगळ्यांच्या आधी यायची. तिने मला तसं पाहिलं. तिचे शब्द मला आजही जसेच्या तसे ऐकू येतात. “भाऊ, पाय काढा पान्यातून. आमचे पाड्यावर नारूवाल्याला पान्याजवळ येऊ देत नाय. दुसरा कोनी त्याला भरून देतो. नारू निघंपर्यंत त्याने घरीच ऱ्हायाचं.” मी हसलो. तिला म्हणालो, या तुमच्या अडाणी समजुती. तरीही ती दुसऱ्या दिवशी बांबूची कोवळी काडी घेऊन आली, मला वरच्या कोरड्या पायरीवर बसवलं आणि किड्याचं टोक त्या काडीला अलगद गुंडाळलं. रोज बोटभर, त्याहून जास्त नाही, ओढलं तर आत तुटतो आणि पाय सडतो, असं सांगितलं. असे अकरा दिवस. ती गेली की मी पुन्हा पाण्यात पाय सोडायचो. बाराव्या दिवशी तू मला शोधत पायऱ्या उतरून आलीस. तिच्या हातातली काडी, माझा उघडा घोटा, सगळं तू पाहिलंस. मी तुला गेलेल्या आईची शपथ घातली की हे कोणाला सांगायचं नाही. तुझ्या मैत्रिणीला, बायडीच्या नवशीलासुद्धा नाही.

पुढच्या वर्षी गावात तेरा घरांत नारू निघाला. कमू शिंपिणीचा गुडघा तेव्हापासून वाकडा आहे, आणि माझ्या सदऱ्यांना काजं अजून तीच करते. गावकी बसली. कोणीतरी सांगितलं की गेल्या उन्हाळ्यात बायडीला विहिरीच्या पायरीवर काडीवर नारू गुंडाळताना पाहिलं होतं. वरून तिची पाठ तेवढी दिसली होती, पुढे कोण बसलं आहे ते दिसलं नव्हतं. बायडीला बोलावलं. तिने लुगड्याचा काठ वर करून दोन्ही पाय दाखवले, घोटे स्वच्छ होते. मग ती म्हणाली, “माझे पायाला काय बी नाय. भाऊंना इचारा, भाऊंना ठावं हाय.” सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, मला काही माहीत नाही. एवढंच म्हणालो, गोदे. आणि खालच्या पाड्याने या विहिरीवर पुन्हा येऊ नये हा ठराव गावकीच्या कागदावर माझ्याच वळणदार अक्षरात लिहिला.

घरी आल्यावर तू विचारलंस, नाना, तुम्ही खोटं का बोललात? आणि मी तुला मारलं. जन्मात एकदाच. त्यानंतर तू मला तो प्रश्न विचारला नाहीस, पुढल्या वर्षी लग्न होऊन नाशिकला गेलीस. तिथून पहिल्या दोन वर्षांतल्या प्रत्येक पत्रात मात्र शेवटी एक ओळ असायची : नवशी काय करते, तिला माझी आठवण सांगा. बायडीने पदराखालून आणलेली नागलीची भाकर तुम्ही दोघी आपल्या मागच्या पडवीत बसून खायच्या, ते मला ठाऊक होतं. मी तुला कळवलं की नवशीचं लग्न झालं आणि ती पोशेऱ्याला नांदायला गेली. तुला आनंद झाला, तू तिच्यासाठी खण पाठवलास. तो खण अजून माझ्या पेटीत आहे.

नवशी पोशेऱ्याला गेली नाही. विहीर बंद झाल्यावर पाड्यावरचे लोक ओढ्याच्या कोरड्या पात्रात खड्डा करून पाणी भरू लागले. गावाचं सगळं सांडपाणी त्याच ओढ्याला मिळतं. तुझ्या लग्नानंतरच्या वैशाखात पाड्यावर पटकी आली. पाच माणसं गेली, त्यांत नवशी होती. दोन मुलं दगावल्यावर बायडीने नवस करून मिळवलेली पोर ती. मी त्या दिवशी विहिरीवर उभा राहून घरटी चार हंडे म्हणून सांगत होतो, आणि पाड्यावरचं रडणं तिथपर्यंत ऐकू येत होतं. तुला खोटं लिहिलं ते तुला वाईट वाटू नये म्हणून, अशी माझ्या मनाची समजूत मी घातली होती. ते खरं नाही. तू हिशेब जुळवशील, याला मी भ्यालो होतो.

डॉक्टर गेल्यावर मी पाटलांकडे गेलो. रघुजी पाटील माझ्याच वयाचे, त्यांनी तुला मांडीवर खेळवलेलं. त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी मला पाणी दिलं, पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, “भाऊ, तुम्ही देवमाणूस. त्या बाईची पोर गेली म्हणून तुमचं मन पिळवटतंय, म्हणून आळ अंगावर घेताय.” मी धोतर वर करून घोट्यावरचा व्रण दाखवला. ते हसले. “हा तर करवंदीचा काटा. तुम्हीच सांगितलं होतं की!” आठ वर्षं मी तो काटा इतक्यांदा सांगितला आहे की गावात माझा नारू कोणाला खरा वाटत नाही. आणखी तिघांना सांगून पाहिलं. वाणी तर म्हणाला, भाऊंसारखा माणूस विहिरीत दुखरा पाय घालीलच कसा?

शेवटी पाड्यावर गेलो. नवशी गेल्यापासून पाच वर्षांत पहिल्यांदा. बायडी झोपडीपुढे नागली पाखडत होती. म्हातारी झाली आहे, माझ्याहून बारा-पंधरा वर्षांनी लहान असून. मी तिच्या अंगणात खाली बसलो आणि जे गावकीत बोलायला हवं होतं ते बोललो. तिने सूप थांबवलं नाही. सगळं ऐकून म्हणाली, “आता सांगून नवशी येल का?” मी रडलो, आणि तिच्यासमोर रडायचा मला हक्क नाही हे कळत असूनही रडलो. मग तिनेच उठून मडक्यातलं पाणी दुहेरी फडक्यातून गाळलं आणि माझ्यापुढे ठेवलं. पाणी गढूळ होतं, त्याला चिखलाचा वास होता. मी ते प्यालो. जाताना ती एवढंच म्हणाली, “माझा इस्वास कोनी धरला नाय. तुमचा बी धरत नाय म्हनता. तुमचे पोरीने पायलाय ना? तिला बोलवा.”

म्हणून हे पत्र. अक्षय्य तृतीयेच्या आदल्या दिवशी विहिरीचा गाळ निघेल आणि गावकी बसेल. डॉक्टरने सांगितल्याप्रमाणे पायऱ्या चिऱ्यांनी बंद करून वर रहाट बसवायचा हे ठरलं आहे, यापुढे कोणाचाच पाय पाण्याला लागणार नाही. त्या रहाटावर कोणी यायचं तेही त्याच दिवशी लिहिलं जाईल, आणि एकदा लिहिलं की दहा-वीस वर्षं कोणी बदलत नाही, हे मी लिहिणारा असल्यामुळे जाणतो. पाडा त्या कागदावर आला नाही तर त्यांना आणखी किती वैशाख तो खड्डाच आहे. माझ्या शब्दाला गावात इतका मान आहे की माझं खरं कोणी ऐकत नाही. तुझ्या आईच्या नावाने घातलेली शपथ मी परत घेतो. ती घालायचा मला अधिकारच नव्हता. जावईबापूंना वेगळं पत्र लिहिलं आहे, त्यात काही लपवलेलं नाही. ते तुला पाठवतील असं वाटतं. त्र्यंबकच्या वाटेने मोखाड्यापर्यंत गाडी कर, तिथे मी स्वतः घ्यायला येतो. येताना बाळाला प्यायला पाणी घरचं घे, उकळून, दुहेरी फडक्यातून गाळून. आणि त्या दिवशी गावकीसमोर उभी राहा, मी समोर बसलेला असेन, माझ्याकडे पाहू नकोस, आणि दहा वर्षांची असताना पायरीवर कोणाचा पाय पाहिलास ते सांग. सात वर्षांपूर्वी तू मला विचारलं होतंस ना, खोटं का बोललात म्हणून? तेही तिथेच, सगळ्यांसमोर, पुन्हा विचार. या वेळी मी उत्तर देईन.

तुझ्या येण्याकडे डोळे लावून बसलेला,
तुझाच
नाना