नऊला चार म्हणायचं

दादा,

मी बरी झाले. डॉक्टरांनी तसं लिहूनच दिलंय. आता पहिलं वाक्य विसर, कारण तसं काही झालेलं नाही. चिठ्ठी तुझ्या बुटात ठेवलीये, आई तिथे हात घालायची हिंमत करत नाही.

फायब्रोमायल्जियात, म्हणजे माझ्या या सगळं अंग दुखण्याच्या आजारात, रिपोर्ट सगळे छान येतात, म्हणून डॉक्टर विचारतात, "दहापैकी किती दुखतंय?" काल मी सवयीने "चार" म्हणाले. नऊ म्हटलं की आई रडते, म्हणून घरात नऊला चार म्हणायचं, हे आपलं ठरलेलं. डॉक्टर आपल्या घरात राहत नाहीत, हे विसरलेच. चूक सुधारायला तोंड उघडलं, तर शेजारी आई हसत बसलेली. डॉक्टरांनी शाबासकी म्हणून पाठ थोपटली, ती थाप मला कपाट अंगावर पडल्यासारखी लागली. मीही हसले. लाँड्रीतल्या कामाची आजारपणाची रजा संपली.

आई कालपासून खुशीत गुणगुणतेय, ते थांबवावंसं वाटेना, म्हणून आज लाँड्रीत इस्त्रीला उभी राहायला गेलेय. संध्याकाळी न्यायला ये, एकटीने जिना चढवणार नाही. खांद्यावर हात ठेवू नकोस, नुसतं "किती?" विचार. मी चारच म्हणेन. तू तरी विश्वास ठेवू नकोस.

तरी सदर शरीर रविवारपुरते अन्य कोणाच्याही नावावर करून मिळावे, ही नम्र विनंती. आईचा अर्ज आल्यास तो फेटाळण्यात यावा.