पुलावरून दोनदा

सोमवार, ३ मार्च

आजपासून रोज लिहायचं. थोर माणसं लिहितात. ही वही कुणाच्या हाती लागली तर त्याचे हात मोडीन, मग तो दादा का असेना.

साहेबांनी सकाळी सगळ्यांसमोर झापलं. स्कॅन सेंटरची लाइन गेल्या आठवड्यात दोनदा बसली. सेंटरमध्ये पेशंटचा स्कॅन निघतो, चित्र आमच्या केबलमधून शहराच्या दुसऱ्या टोकाच्या डॉक्टरकडे जातं आणि डॉक्टर ते पडद्यावर बघत बघत सेंटरमधल्या माणसांना सूचना देतो. चित्र अडकणार नाही, उशिरा पोचणार नाही, असं आम्ही करारात लिहून दिलंय. आता तिसऱ्यांदा अडकलं की करार खलास. साहेब म्हणाले, एक बॅकअप लाइन शोध. टिकली तर तू पर्मनंट, नाहीतर घरी. 'घरी' म्हणताना हसले. माणूस मुळात दुष्ट आहे, पगार देतो म्हणून कुणी बोलत नाही.

मला मात्र आनंद झाला. कारण सेंटरच्या रिसेप्शनवर ती असते. लाइन बसली की तिचा फोन मलाच येतो. पहिल्या फोनला ती मला 'बेजबाबदार' म्हणाली होती. इतक्या मनापासून मला आजवर कुणी काही म्हटलेलं नाही.

संकल्प: बॅकअप शोधायचा, पर्मनंट व्हायचं, त्याच संध्याकाळी तिला विचारायचं. शिवाय राग कमी करायचा.

मंगळवार, ४ मार्च

राग कमी करणं आजच्यापुरतं रद्द. कारण पदवीधर.

हा आमच्या ऑफिसातला एकटा डिग्रीवाला. ईमेलखाली नाव, नावाखाली डिग्री, डिग्रीखाली कॉलेज. मी तिसऱ्या वर्षाला कॉलेज सोडलं. भर वर्गात सरांना म्हणालो होतो की तुम्हाला जमत नसेल तर खडू इकडे द्या. काढून टाकलं असं लोक बोलतात. लोकांना काय, मी सोडलं.

तर पदवीधर म्हणाला, मुख्य लाइन खालच्या पुलावरून नदी ओलांडते, तेव्हा बॅकअप वरच्या पुलावरून न्या. केवढा वळसा! मधे चार ठिकाणी आमच्या बॉक्समधून चित्र थांबत थांबत जाणार. मी तिथल्या तिथे मोजून दाखवलं, चित्र करारातल्या मर्यादेपेक्षा उशिरा पोचतं. त्याचं उत्तर तयार होतं. मधले दोन बॉक्स बदलू, आपल्या चित्रांसाठी वाट राखून ठेवू, म्हणजे मर्यादेत बसेल, फक्त आठवडा द्या. मी म्हणालो, आठवड्यात पेशंट बरे होऊन नाचायला लागतील. कुणी हसलं नाही. सगळे मिळालेले आहेत.

गुरुवार, ६ मार्च

सापडला. खुर्चीवरून न उठता, जेवणाच्या सुट्टीत, स्क्रीनवर.

दुसऱ्या एका कंपनीची केबल भाड्याने घ्यायची. आमची लाइन नकाशावर लाल, ही निळी. लाल बाजारातून जाते, निळी बस डेपोकडून. चित्र लाल लाइनइतक्याच झटक्यात पोचतं. डोकं लागतं याला.

पदवीधराने लगेच नाक खुपसलं. निळी नदी कुठे ओलांडते म्हणे. मी म्हणालो, कंपनी वेगळी म्हटल्यावर नदीसुद्धा वेगळी. तो आपल्या जागेवर जाऊन बसला. अशा माणसांना असंच गप्प करावं लागतं.

रात्री जेवताना वहिनीला सगळं सांगितलं. (मी दादा-वहिनीकडे राहतो. बाबा आणि मी एका छपराखाली राहिलो तर छप्पर राहणार नाही.) वहिनीने शांतपणे विचारलं, "भाऊजी, ती तुम्हाला ओळखते, की तुमच्या कंपनीला?" बायकांना दुसऱ्या बाईचं कौतुक सहन होत नाही. दादा ताटात बघून हसत होता. तोही त्यांच्यातलाच.

शनिवार, ८ मार्च

आज पायी फेरी. साहेबांचा खुळा नियम आहे. ज्याने बॅकअप काढला त्याने दोन्ही मार्ग स्वतः चालायचे, ऑफिसपासून ग्राहकाच्या दारापर्यंत, रस्त्यातल्या केबलच्या प्रत्येक झाकणापाशी थांबून, ती मोजत. मगच कागदावर सही. साहेबांचा स्क्रीनवर विश्वास नाही. स्वतःच्या बायकोवरही नसावा.

सकाळी लाल मार्ग. बाजार, बँकेची मागची भिंत, पूल, सेंटर. पुलावर वारा छान होता. कठड्याच्या बुडाशी एक जाड लोखंडी पाइप आहे, त्यावर पाय टेकून उभं राहिलं की बरं वाटतं. तिथे उभा राहून तिला काय बोलायचं याचा पहिला भाग तयार केला.

दुपारी निळा मार्ग. शाळेमागची गल्ली, बस डेपो, पूल, सेंटर. पुन्हा त्याच कठड्याला टेकलो, त्याच पाइपावर पाय. आणि काय नवल, भाषणाचा दुसरा भाग सुचला. त्या जागेत काहीतरी आहे.

सेंटरच्या काचेतून ती दिसली. फोनवर कुणाला तरी धुवून काढत होती. बहुतेक पाण्याच्या मशीनवाला. त्याचा हेवा वाटला.

सही केली. झाकणं मोजायची राहिली, पण झाकण म्हणजे झाकण, त्यात मोजायचं काय.

बुधवार, १२ मार्च

विजय!

बॅकअप चालू करताना आमच्यात एक पद्धत आहे. मुख्य लाइनची वायर ग्राहकाने स्वतःच्या हाताने उपटायची, म्हणजे त्याची खात्री पटते. साहेब म्हणाले, मॅडम, ओढा. तिने ओढली. पलीकडचा डॉक्टर फोनवर होता; त्याच्या पडद्यावर कुणाचा तरी गुडघा येत होता, तो जराही अडकला नाही.

ती म्हणाली, "अरे, चाललं की."

'अरे'. मला. एकेरीत. सगळ्यांसमोर.

साहेबांनी पाठ थोपटली. पदवीधर कोपऱ्यातून म्हणाला की वायर खोलीत कधी तुटत नाही, रस्त्यात तुटते. जळतो. जळू दे.

शुक्रवार, १४ मार्च

फोन नाही.

सोमवार, १७ मार्च

फोन नाही. एक अडचण आधी लक्षात आली नव्हती. लाइन बसली तरच ती फोन करते आणि लाइन मी बसू देत नाही. प्रेमासाठी माणूस स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतो तो असा.

संकल्प: आपण होऊन फोन करायचा नाही. पुरुषाने मान राखून असावं.

मंगळवार, १८ मार्च

आपण होऊन फोन केला. सर्व्हिस कशी आहे विचारलं. चांगली आहे म्हणाली. दुपारी पुन्हा केला, बॉक्सवरचा दिवा हिरवा आहे ना विचारायला. आहे म्हणाली. संध्याकाळी पुन्हा, नक्की हिरवा का, पिवळसर तर नाही. तेव्हा तिने विचारलं की तुम्हाला ऑफिसात दुसरं काम देत नाहीत का. माझ्या नोकरीची काळजी तिला माझ्यापेक्षा जास्त. वहिनीला सांगितलं. तिने कपाळावर हात मारला.

गुरुवार, २० मार्च

साहेब म्हणाले, सोमवारी दुपारी पर्मनंटचं पत्र घेऊन जा. चेहरा असा केला होता की जणू मूत्रपिंड देतायत. पदवीधराने अभिनंदन केलं आणि वर विचारलं की वेळ असेल तर आपण दोघं एकदा निळा मार्ग चालून येऊ का. मी म्हणालो, तुला चालायचा शौक असेल तर पोस्टमन हो.

सोमवार, २४ मार्च, सकाळ

दादाचा निळा शर्ट घेतला. न विचारता, कारण विचारलं तर देत नाही. भाषणाचे दोन्ही भाग पाठ. दुपारी पत्र, संध्याकाळी सेंटर. आज कुणावर चिडायचं नाही. रिक्षावाल्यावरसुद्धा नाही.

त्याच दिवशी, रात्री

साहेबांच्या केबिनबाहेर उभा होतो. आत पत्रावर सही चाललेली. तेवढ्यात फोन वाजला. तिचा. इतक्या दिवसांनी. पहिल्या रिंगला उचलला.

लाइन बंद आहे म्हणाली.

मी हसलो. म्हणालो, मॅडम, मुख्य लाइन गेली असेल, पण घाबरू नका, आता आपल्याला बॅकअप आहे.

ती म्हणाली, "बॅकअपही बंद आहे. दोन्ही बंद आहेत."

मी म्हणालो, शक्यच नाही. कसं शक्य नाही ते समजावून सांगितलं. वेगळी कंपनी, वेगळा रंग, बाजार, बस डेपो, सगळं. ती मधे मधे 'पण' म्हणत होती. तिला पूर्ण समजावं म्हणून मी सावकाश सांगत होतो. शेवटी लक्षात आलं की पलीकडे कुणी नाही.

केबिनचं दार उघडलं. साहेबांच्या हातात पत्र होतं. दुसऱ्या हातात फोन.

शर्टाला घामाचे डाग पडले. दादा बोलतोय, बोलू दे.

मंगळवार, २५ मार्च

पुलाच्या दुरुस्तीवाल्यांचा जेसीबी. कठड्याबरोबर तो पाइपही उखडला. पाइपात आमची लाल केबल. तिच्याच शेजारी निळी. दोन्ही कंपन्यांनी नदी ओलांडायला तोच पाइप घेतलेला.

साहेबांनी समोर बसवलं. ओरडले नाहीत. ओरडले असते तर मीही ओरडलो असतो, तेवढं मला येतं.

"तू पायी गेला होतास ना?"

"हो. दोन्ही मार्ग."

"मग पूल दिसला नाही?"

"दिसला. दोन्ही वेळा."

त्यांनी पत्र फाडलं. पूल मी बांधलेला नाही, पाइप मी टाकलेला नाही, जेसीबी मी चालवत नव्हतो, हे मी त्यांना स्पष्ट सांगितलं. निघताना दारही आपटलं. पण त्या दाराला हल्लीच वरती तो दांडा बसवलाय, आपटायला गेलं की हळूच बंद होतं. अख्खं ऑफिस बघत होतं.

बुधवार, २६ मार्च

झोपून आहे. वहिनीने चहा आणून दिला, वर दोन बिस्किटं ठेवली. तेच जास्त लागलं.

शनिवार, २९ मार्च

खचून जाणाऱ्यांतला मी नव्हे. सेंटरचा करार एका दुसऱ्या कंपनीला मिळाला. आज सरळ त्याच कंपनीत जाऊन बसलो. मुलाखत घेणाऱ्या बाईंना म्हणालो, त्या सेंटरची लाइन माझ्याइतकी कुणालाच माहीत नाही. हे खोटं नाही.

बाई म्हणाल्या, एखाद्या ग्राहकाचं नाव द्या, चौकशी करतो. मी अर्थातच तिचं दिलं. बाईंनी माझ्यासमोरच फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

ती आधी 'कोण?' म्हणाली. बाईंनी वर्णन केलं. मग म्हणाली, हां, तो होय. मुलगा सरळ आहे, फोन पहिल्या रिंगला उचलतो, कधी चुकत नाही. मी बाईंकडे बघून मान डोलावली. पुढे म्हणाली की त्या दिवशी स्कॅनच्या टेबलावर एक आजी पडून होत्या, मी मदत मागत होते आणि हा मला नकाशा सांगत होता. म्हणून मीच फोन ठेवला, मोबाइलने स्क्रीनचे फोटो काढले आणि डॉक्टरांना पाठवले, असं ती म्हणाली. शेवटी दुसऱ्या दिवशी आजींना परत बोलवावं लागलं.

बाईंनी विचारलं, आम्ही त्याला घेतलं तर तुमची काही हरकत?

"फोनवर ठेवा," ती म्हणाली. "लाइनवर नको."

सोमवार, २१ एप्रिल

नोकरी लागून तीन आठवडे झाले. तक्रार विभाग. हेडफोन घालून बसायचं. सकाळपासून सगळं शहर मला शिव्या घालतं. शिकलेली माणसं काय काय बोलतात. सुरुवातीला मीही उलट बोललो, पण कॉल रेकॉर्ड होतात असं कळलं. आता 'आपली गैरसोय झाली याबद्दल क्षमस्व' म्हणतो. बाबांनी हे ऐकलं तर त्यांना हर्षवायू होईल.

सेंटरचा नंबर एकदाही आला नाही. आज राहवलं नाही, शेजारच्याला विचारलं. तो म्हणाला, त्यांची तक्रार कशी येईल, त्यांची मुख्य लाइन खालच्या पुलावरून आहे आणि बॅकअप वरच्या पुलावरून नेलाय. लांबचा मार्ग आहे, पण मधले बॉक्स बदलून वेळेत बसवलाय. नवीन आलेत ना वरच्या मजल्यावर, नावाखाली डिग्री लिहितात ते, त्यांनी केलं. जाऊन भेट, चांगला माणूस आहे.

दुपारभर मनात एकच विचार होता. जेसीबी काय, कुठेही येऊ शकतो. रस्ते रोज खणतात. एखाद्या दिवशी तो खालच्या पुलावर आला तर?

मग हिशेब केला. तिचा फोन यायचा तर आता दोन जेसीबी लागतील. दोन पुलांवर. एकाच वेळी.