डाळीच्या खोलीचं भाडं

मामा, आज सकाळी मला आपल्याच गोठ्यात जाऊ दिलं नाही. मागच्या खोलीत राहिलेली कुदळ आणायला गेले होते. कंपनीचा वॉचमन खुर्चीतून उठलासुद्धा नाही, बसल्या जागेवरून म्हणाला, "मावशी, आत न्हाई जाता येणार." मी म्हटलं, "अरे बाबा, गोठा माझा आहे." तर म्हणतो, "आसंल की. किल्ली सायबाकडं आसती." परत आले, हातपाय धुतले, चहा ठेवला, आणि तो उतू गेला तरी नुसती बघत उभी राहिले. ह्यांना पुण्याला फोन लावला तर म्हणाले, "तू लई मनाला लावून घेतीस." सुनेनं सासऱ्याला पत्र लिहायची आपल्याकडं रीत नाही, आणि गेलेल्या माणसाला तर नाहीच नाही. तुम्ही होता तेव्हाही निम्मी वर्षं मी दाराआडूनच बोलले तुमच्याशी. पण आज दुसरं कुणी सुचेना, म्हणून तुम्हालाच लिहायला बसलेय.

लग्न होऊन आले त्या सालची गोष्ट. तुरीच्या राशी झाल्या की गावातली माणसं आपल्या गोठ्यात पोती आणून टाकायची. कुणाच्या घरात जागा नसायची, कुणाच्या घरात उंदीर, कुणाला वाटायचं आणखी थोडं थांबलं तर भाव येईल. भाडं बिडं काही नाही. तुम्ही नुसतं "ठेव तिकडं" म्हणायचा आणि बैलांना पेंड चारायला लागायचा. मी नवी, माहेरी सगळं मोजूनमापून बघितलेलं. एक बाई पोतं ठेवून निघाली तर मी तिला सहज विचारलं, "कवा नेणार हे?" ती कसनुसं हसून गेली. तुम्ही तिच्यासमोर काही बोलला नाहीत. दुपारी जेवायला आलात, मी भाकरी थापतेय, तुम्ही स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी उभे राहून म्हणालात, "दुसऱ्याच्या पोत्याला तारीख इचारायची न्हाई, सूनबाई. इचारलं की त्याच्या पोटात गोळा येतो." एवढंच. आवाजसुद्धा चढवला नाहीत. पण माझी भाकरी तव्यावर करपली आणि ती करपलेली भाकरी तुम्ही मुकाट्यानं खाल्लीत.

तोच गोठा पुढं तुम्ही माझ्या नावावर केलात. बैलं विकून झाली होती, तुमचे गुडघे गेले होते. तुळजापूरच्या रजिस्टर ऑफिसात बाकावर बसून तुम्ही त्या कारकुनाला सांगत होता, "पोरगा पुण्याचा झालाय. ह्यो गोठा आन म्होरची जागा हिच्या नावावर ऱ्हाऊ द्या. बाईमाणसाच्या नावावर कायतरी पायजे." तो कारकून माझ्याकडं बघून हसला, मला तर कुठं तोंड लपवू असं झालं. येताना नळदुर्गात उतरून तुम्ही धाब्यावर मला चहा पाजलात. तुमच्यासमोर खुर्चीवर बसायची माझी ती पहिली वेळ. ट्रकवाले ये-जा करतायत, आणि मी पदर सावरत, बशीत ओतून चहा पितेय. तुम्ही म्हणालात, "आता तू मालकीण." मला हसू आलं होतं मामा. आज मालकीणबाईला कुदळ मिळाली नाही.

मशिदीमागच्या गल्लीतल्या आपा तुम्हाला आठवतील. तुम्हाला "भाई" म्हणायच्या, तुम्ही गेलात त्या दिवशी अंगणात बसून ढसाढसा रडल्या होत्या. तुमच्या माघारी त्यांनी बायकांचा गट काढला. तूर आपापल्या रानातली, भरडायचं छोटं मशीन आपांच्या ओसरीवर, आणि डाळ ठेवायला आपली मागची खोली. मी म्हटलं, ठेवा की, विचारताय काय? तर आपा घरात येऊन चुलीशेजारी पाट ओढून बसल्या आणि म्हणाल्या, "फुकट नको गं. भाई होते तवाची गोष्ट निराळी, ते मर्द माणूस, त्यांचं कुणी काय बोललं न्हाई. भाडं घे. म्हंजे आमी हक्कानं येऊ, तुलाबी उपकार केल्यासारखं वाटणार न्हाई." नोटा घडी करून माझ्या मुठीत कोंबल्या. मी नको नको म्हणतेय आणि मूठ काही सुटत नाहीये. दर महिन्याला असंच. भाडं देऊन झालं की पाटावर बसायच्या, चहा व्हायचा, जगातल्या सगळ्या सुना-सासवांचा उद्धार व्हायचा. त्या खोलीत तेव्हा बायकांचा असा कलकलाट असायचा की रस्त्यावरून जाणारं माणूस वळून बघायचं. गोठा रिकामा झालाय असं मला कधी वाटलंच नाही.

मग हायवे रुंद झाला आणि कंपनीवाले आले. फरशीच्या पेट्या ठेवायला त्यांना पुढचा गोठा आणि मोकळी जागा पाहिजे होती. ह्यांनीच पुण्यातून फोनवर सगळं ठरवलं. मी सह्या केल्या. एवढ्याशा भाड्याला सरकारात नंबर काढायची गरजच नव्हती म्हणे, पण कंपनीनं अट घातली, आम्हाला कर लावलेलं बिल पाहिजे. त्यांना तो कर पुढं वळता करून मिळतो, त्यांच्या खिशाला काही चाट नाही. म्हणून धाराशिवला एका टॅक्सवाल्या सरांकडून माझ्या नावाचा जीएसटी नंबर काढला. शंभराला अठरा लावायचे, घ्यायचे, भरायचे. मला आधी वाटलं, आपल्याला काय, पोस्टमननं चिठ्ठी आणून द्यावी तसं इकडचं तिकडं. सर भले माणूस. दर वेळी न कंटाळता समजावून सांगायचे. म्हणून एकदा मी त्यांच्यासाठी आपांच्या गटाची डाळ घेऊन गेले. त्यांनी पिशवी उघडून वास घेतला आणि विचारलं, "घरची का?" मी म्हटलं, "न्हाई, आमच्या मागच्या खोलीत बायका ठेवतात, त्यांची आहे." "ठेवतात म्हणजे? भाडं देतात?" "देतात की!" मी अगदी तोऱ्यात सांगितलं, मामा.

त्यांचा चेहरा उतरला. म्हणाले, "ताई, तूर ठेवली असती तर काही नव्हतं. शेतमाल साठवायला कर लागत नाही. पण डाळ शेतमालात धरत नाहीत." मी म्हटलं, "अहो सर, तूर त्यांच्याच रानातली हाय." "असू द्या. भरडली, साल काढली, म्हणजे प्रक्रिया झाली. आता तुमचा नंबर आहे, तर कंपनीला लावता तसा ह्यांनाही लावावा लागणार. मागचा राहिलेला तुम्हालाच भरावा लागेल." मला वाटलं हा माणूस चेष्टा करतोय. तीच खोली, त्याच बायका, तेच पोतं. त्यात अख्खी तूर असली तर बिनकराची, आणि फोडलेली असली तर कराची! तुम्ही असता तर टोपी काढून डोकं खाजवलं असतं. येताना एसटीत मी खिडकीला डोकं टेकून बसले आणि सगळी वाट आपांना कसं सांगायचं तेच जुळवत राहिले. काही जुळलं नाही.

सांगितलं. खोलीतच सांगितलं, सगळ्या बायका होत्या, डाळ चाळत होत्या. आधी हसल्याच. आपा म्हणाल्या, "साल काढली म्हंजे तूर आमची न्हाई ऱ्हायली व्हय गं?" मग मी रक्कम सांगितली तसा चाळण्यांचा आवाज थांबला. कंपनीला कर परत मिळतो, बायकांना कोण परत देणार? त्यांचा ना नंबर ना बिल. डाळीत सुटतंच किती? एक म्हातारी म्हणाली, "गोठ्याला कर लागतोय का आमाला?" मी म्हटलं, तुम्हाला. ती म्हणाली, "मंग गोठाच नको." आपा माझ्याकडं बघत राहिल्या. मला वाटतं त्या वाट बघत होत्या, मी आणखी काहीतरी बोलेन म्हणून. मी सुपातले खडे निवडायला लागले, जसं काही ते काम माझंच होतं.

महिना संपला तशा आपा आल्या. पाट पुढं केला तर बसल्या नाहीत. उभ्यानंच भाडं दिलं, वर कराचे पैसे वेगळे मोजून दिले आणि म्हणाल्या, "बिल दे." मी म्हटलं, "आपा, बिल काय करायचंय?" "तू कर घेतीस, तर बिल नको? कायदा हाय ना?" मी बिल लिहिलं. गटाचं नाव लिहिताना मला रडू फुटलं, त्यांनी बघितलंसुद्धा, पण इतक्या वर्षांत पहिल्यांदा आपा माझ्या घरातून चहा न घेता गेल्या. दुसऱ्या दिवशी बायकांनी पोती डोक्यावरून वाहून नेली. कुणी भांडलं नाही. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. रिकाम्या खोलीत मी झाडलोट केली, आणि कोपऱ्यात सांडलेली मूठभर डाळ निघाली, ती कुणाला नेऊन द्यायची हे मला कळेना. शेवटी चिमण्यांना टाकली.

आपांच्या घरात जागा ती किती. झोपायच्या खोलीत पोती रचली. पावसाळ्यात भिंतींना ओल आली, डाळीला भुंगा लागला, गिऱ्हाइकानं माल परत केला. एकेक बाई गळत गेली. मशीन सोलापूरच्या माणसाला विकलं. आपा आता या वयात दुसऱ्याच्या रानात खुरपायला जातात. रस्त्यात भेटतात, "बरी हाईस?" विचारतात, आणि मी उत्तर देईपर्यंत पुढं गेलेल्या असतात. मागची खोली रिकामी झालेली कळताच कंपनीनं तीही घेतली. ह्यांना आनंद झाला, म्हणाले, "बघ, एका दमात काम झालं, बायकांची कटकटबी गेली." गावातलं कुणी आता आपल्या गोठ्याकडं फिरकत नाही, मामा. राशीच्या दिवसांतही नाही. मी घरात आणि समोर फरशीच्या पेट्या, असं दिवसभर. माणसानं किती वेळ टीव्ही बघायचा? कधीकधी वाटतं, तुम्ही तो गोठा माझ्या नावावर करायलाच नको होता. दुसऱ्या कुणाच्या नावावर असता तर त्याला तरी बोल लावला असता.

गावात म्हणतात सरकारनं बायकांचा धंदा बुडवला. मीही मान हलवते. पण तुम्हाला लिहायला बसल्यावर तेवढ्यावर थांबता येईना. त्या दिवशी सर मला जिन्यापर्यंत सोडायला आले होते आणि हळू आवाजात म्हणाले होते, "ताई, एक सांगू? त्या बायकांकडून भाडंच घेऊ नका. काही घेतलंच नाही, तर कर कशावर लागणार?" इतकं सोपं होतं. मी हे आपांना सांगितलं नाही. ह्यांनाही नाही. कंपनीचं भाडं बँकेत येतं, खातं माझ्या नावाचं, पण मेसेज ह्यांच्या फोनवर जातो, काढायचं तर ह्यांना विचारावं लागतं आणि कशाला ते सांगावं लागतं. आपांचे पैसे तेवढे माझ्या मुठीत यायचे. त्यातून मी कधी चप्पल घेतली, कधी भाचीला साडी नेसवली, कधी उगीचच उशीखाली ठेवून झोपले. कुणाला जाब द्यावा लागला नाही. ते पैसे मला सोडवले नाहीत, मामा.

हा कागद कुठं टाकायचा नाही, उद्या चुलीतच जाईल, म्हणून लिहितेय. कंपनीनं खोली सोडली आणि आपा जर दारात येऊन म्हणाल्या, पोती परत आणू का, तर "आणा, फुकट ठेवा" असं मी म्हणेन, हे वाक्य इथं लिहायला मी मघाशीच घेतलं होतं. मला ते लिहिता आलं नाही.