वाटी वाजवून मारलेली हाक

माय, तुझ्यावर माहितीपट काढलाय पुण्याच्या एका पोरानं. काल अमरावतीत त्यानं तो आधी मला एकटीला दाखवला. तू असतीस तर म्हणाली असतीस, "माह्यावर पिक्चर? याले दुसरा धंदा नाई काय?" आणि मग पदर नीट करून पुढच्याच खुर्चीवर बसली असतीस.

चांगला काढलाय, खोटं कशाला बोलू. नांदगाव खंडेश्वरचा जयंतीचा मंडप आहे, तुझी भीमगीतं ऐकायला कडुनिंबावर चढलेली माणसं आहेत. बाई थकली तरी पुढच्या गावाला नाही म्हणू नये म्हणून कार्यक्रम ठरवणारे गाडीतच बाटली ठेवायचे, तेही आहे. बाई दारूनं वाया गेली, एवढंच सगळे बोलायचे. पाजली कोणी, हे या पोरानं विचारलं. मला बरं वाटलं.

फक्त आपलं अकोल्याचं घर त्यात नाही. तिथलं काय दाखवणार म्हणा. घरात तू बोलतच नव्हतीस. गॅसवर ज्येष्ठमधाचं पाणी उकळतंय, भर उन्हाळ्यात गळ्याला मफलर, आणि मला बोलवायचं तर तू वाटीवर चमचा वाजवतेस. एकदा चिडून मी म्हटलं, "माय, मले नावानं हाक मार ना वं." तू कुजबुजलीस, "आवाज जपा लागते बाई. लोकं वाट पाहून राहिले." त्या लोकांचा मला फार राग यायचा. त्यांना आवाज आणि मला वाटी. कितीतरी दिवस मी त्या वाटीला ओ दिली नाही, तू आपली वाजवत राहिलीस.

शेवटी तिवस्याचा कार्यक्रम येतो, कोणीतरी मोबाइलवर काढलेला. गाता गाता तोल जाऊन तू स्टेजवर खाली बसतेस, आवाज फाटतो, पोरं शिट्या मारतात आणि पडदा काळा होतो. मी त्याला सरळ सांगितलं, "हे काढून टाका. माही माय अशी नाई दिसली पायजे." तो लगेच तयार झाला. म्हणाला, "काढतो, ताई. याच्या पुढचं तर मी घेतलंच नाही. त्यात गाणं नाही, एक बाई बाळ घेऊन येते, बस्स." गावोगावी बायका तान्ही लेकरं घेऊन स्टेजवर यायच्या आणि तू माईकवर त्यांची नावं ठेवायचीस, हे त्याला काय माहीत. दाखवा म्हटलं.

तू तशीच बसलेली आहेस. बाळ मांडीवर घेतेस, शिट्या थांबतात. "पोरगी हाय काय?" विचारतेस. मग माईक तोंडाशी नेतेस आणि त्या फाटक्या आवाजात, होता नव्हता तेवढा जोर लावून, माझं नाव घेतेस. बाळाची आई हसते. तू पुन्हा घेतेस.

मी तिथंच रडले. पोरगा घाबरून पाणी आणायला धावला. परत आल्यावर त्याला म्हटलं, आता काही काढू नका. तिचं पडणं राहू द्या आणि पुढचं सगळं जोडा. लोकांना काय बोलायचं ते बोलू दे.

हे पत्र मी कुठं टाकणार, राहील इथंच डब्यांच्या मागं. पण एक सांगते. तो तुकडा मी फोनवर घेतलाय आणि गाणं पुढं ढकलून फक्त तेवढंच ऐकते. रागावू नको. आज पोळ्या लाटताना तू नाव घेतलंस आणि घरात कोणी नव्हतं, तरी मी मोठ्यानं ओ दिली.