बिनकाट्याच्या लिंबाची शेवटची फांदी

१२ मार्च

प्रिय ताई,

नमस्कार. बरी आहेस ना? रात्रपाळ्या संपल्या की अजून तुलाच जुंपलंय? फोन सोडून पत्र कसं, असं वाटेल. फोनवर तू दुसऱ्याच वाक्याला "बाबांना दे" म्हणतेस, आणि ते शेजारीच बसलेले असतात.

इकडे सगळं ठीक. रोपवाटिकेचं फाटलेलं जाळं एकदाचं बदललं. बाबांची भूक चांगली आहे, चालणंही पहिल्यासारखंच.

एक वाईट बातमी आहे. आपलं बिनकाट्याचं लिंबू चाललं. मुळं कुजलीत, बुंध्याची साल हाताने सुटते. तू नर्सिंगला गेलीस त्या वर्षी बाबांनी रोपांच्या रांगेतून हेरलेलं तेच. "पारख पुरी झाल्याशिवाय कुणाला काडीही देणार नाही," म्हणत राहिले, आणि आता ते एकच झाड आहे. बी लावून उपयोग नाही, काटे परत येतात. छाटे करून त्यांना मुळं फुटवायची, एवढाच मार्ग.

बाबांनी सगळे चांगले छाटे स्वतः लावले. मी नुसती पाणी फवारत होते. तुला हे काम कधीच आवडलं नाही, म्हणून सांगते: काडीचं खालचं टोक संजीवकाच्या, म्हणजे मुळं फुटवणाऱ्या औषधाच्या, पाण्यात क्षणभर बुडवायचं आणि रोवायचं. कमी पडलं तर काडी नुसतीच हिरवी उभी राहते आणि एक दिवस मान टाकते. जास्त झालं तर टोक काळं पडतं, मुळं फुटतच नाहीत. आमच्या सगळ्या काड्या काळ्या पडल्या, ताई. एकूण एक.

आधी मी बाटलीला दोष दिला. मग पाण्याला. नवी बाटली आणली, पाणी तपासून घेतलं. खरं तर मला दुसरं काही शोधायचंच नव्हतं.

परवा बाबा गुलाबाचे छाटे लावत होते. मी दारात उभी होते. त्यांनी जुडी बुडवली, ट्रेमध्ये ठेवली, टोपी खुंटीला अडकवली, परत आले आणि तीच जुडी उचलून पुन्हा बुडवली. हात पुसले. पुन्हा तीच.

"बाबा, ती झाली."

"केव्हा?" म्हणाले, आणि हसले. ते हसू मला अजिबात आवडलं नाही.

तू रोज असे पेशंट बघतेस. तू याला लगेच नाव देशील, म्हणून इतके दिवस लिहिलं नाही.

अजून पुढे ऐक. काल त्यांनी लिंबाची एक काडी उपटली, टोक नखाने खरवडलं आणि म्हणाले, "संजीवक जास्त झालंय. दोनतीनदा बुडवलेलं दिसतंय. कुणी केलं हे?" बघ, नजर अजून तशीच आहे!

मी म्हटलं, "मी."

ते ओरडले नाहीत. "तुला हात लावू द्यायला नको होता," एवढंच म्हणाले. झाडावर आता एकच जिवंत फांदी उरली आहे. ती पक्की झाली की ते स्वतः कापणार, स्वतः बुडवणार. मी ट्रेजवळही जायचं नाही. खोटं बोलून मी हे काय करून बसले? काय करू ते कळव. लवकर.

तुझी,
धाकटी

*

९ मे

प्रिय ताई,

तुझं पत्र मिळालं, पण त्याआधीच व्हायचं ते होऊन गेलं होतं. तू रागावलीस ते बरंच केलंस.

मार्च संपता संपता एका सकाळी बाबा ती फांदी कापायला कात्री घेऊन निघाले. मी वाटेत उभी राहिले. "बाबा, त्या काड्या मी बुडवल्या नव्हत्या."

"मग कुणी?"

मी त्यांच्या हातातल्या कात्रीकडे बघत राहिले. तेच म्हणाले, "मी?"

"हो. बुडवलेल्याच पुन्हा बुडवत होतात. गुलाबाच्याही. मी बघितलं."

"मग 'मी' का म्हणालीस?"

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून."

"आणि ही फांदी गेली असती तर बरं वाटलं असतं?"

बाबा पालथ्या बादलीवर बसले. मग बाटली माझ्या हातात दिली. "तू बुडव. मी कापून देतो." काडीवरच्या डोळ्याच्या, म्हणजे कोंबाच्या, खाली तिरका काप, हात जराही हलला नाही. मध्येच एकदा त्यांचा हात बुडवलेल्या जुडीकडे गेला. मी ट्रे माझ्या बाजूला ओढला. दोघांनीही वर पाहिलं नाही.

त्यानंतर मी नीट झोपले नाही. काडी उपटून बघावी असं रोज वाटायचं, पण उपटली तर फुटू लागलेलं मूळच तुटलं असतं. निम्म्या काड्यांची पानं गळली. उरलेल्यांतली एक गेल्या आठवड्यात बाबांनी हलकेच ओढली, तर ती आली नाही. मातीने धरून ठेवली होती. खालून माती सारली तर पांढरी, दोऱ्यासारखी मुळं. जुनं झाड मात्र वाळलं. ते तोडायला बाबांनीच सांगितलं.

काल चहा घेताना बाबांनी विचारलं, "ताईला कळवलंस?"

"लिंबाचं?"

"माझं."

मी त्यांच्या कपात आणखी चहा ओतला. तर म्हणाले, "थंडीत एकदा बाजारातून येताना मला घराची वाट सापडेना. एका दुकानदाराने आणून सोडलं. तुला सांगितलं नाही, तू घाबरतेस." मी त्यांच्यापासून लपवत होते आणि ते माझ्यापासून!

आता समोर बसून सांगताहेत तसं लिहिते: "तिला म्हणावं, रजा काढून ये. चांगला डॉक्टर तिला माहीत असेल. मला काय होतंय ते माझं मला नीट सांगता येतंय, तोवर ये."

तुझी वाट बघणारी,
धाकटी
आणि बाबा

(ही सही त्यांची त्यांनीच केली आहे.)