कासव उठेपर्यंत

सोडा वेल्स,
मंगळवार, सकाळ (दाराची कडी अजून हाताला सोसते आहे, तोवर)

प्रिय व्हर्ना हिस,

तुझ्या थोरल्या बहिणीचे अनेक आशीर्वाद. मायन्यात तुझं कोणतं आडनाव घालावं याचा निर्णय न झाल्याने नुसतं नाव लिहिलं आहे. पाकिटावर मात्र नवंच घातलं आहे, कारण पोस्टमनच्या डोक्याला त्रास देण्याचं मला काही कारण नाही. मी इथे बरी आहे. तुझी कंबर, तुझी झोप आणि समुद्राच्या दमट हवेने होणारी तुझी सर्दी ही सर्व मंडळीही ठीक असावीत. डेल्बर्टरावांना माझा नमस्कार सांग. जहाजावरच्या म्हाताऱ्या बायकांना नाच शिकवणाऱ्या माणसाची प्रकृती कशी असायला हवी याची मला कल्पना नाही. पण असायला हवी तशी ती असो.

शनिवारपासून तू माझा फोन उचलत नाहीस. 'कासव? ऑगस्टा, निदान या वेळी तरी बरंसं कारण शोधायचं होतंस. यापुढे मला बहीण नाही असं समजेन मी,' एवढं बोलून तू जो फोन ठेवलास तो ठेवलासच. म्हणून हे पत्र. तुझ्या तीन लग्नांपैकी एकालाही मी हजर नव्हते, हे मी नाकारत नाही. पहिल्या वेळी आमच्या कोरड्या नदीला पाणी आलं आणि रस्ता वाहून गेला. (ती नदी वर्षानुवर्षं कोरडी असते. तिला नेमका तोच दिवस सापडला, यात माझा हात नव्हता.) दुसऱ्या वेळी आमच्या एकुलत्या एका रेल्वे फाटकावर मालगाडी बंद पडली आणि तिचं इंजिन एका गावात, शेपूट दुसऱ्या गावात, अशी ती संध्याकाळपर्यंत उभी राहिली. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. तिसरीही खरी आहे आणि ती तू शेवटपर्यंत वाचावीस अशी माझी अपेक्षा आहे. मधली पानं गाळून शेवट बघायची तुझी लहानपणापासूनची खोड मला माहीत आहे.

वाळवंटात असतं तरी काय, असं तू दर नाताळात विचारतेस. सावली असते, व्हर्ना. म्हणजे फारशी नसते, म्हणूनच गावाचा सगळा व्यवहार तिच्याभोवती चालतो. तुमच्याकडे माणसं दुकानाच्या दाराशी गाडी लावायला भांडतात. इथे रमोना बेल्ट्रानच्या दुकानासमोर (तेच पोस्ट ऑफिस, तीच खाणावळ, आणि रमोनाच्या मते तेच न्यायालय) जो एकच तुतीचा म्हातारा वृक्ष आहे, त्याच्याखालची जागा मिळावी म्हणून माणसं दुकानापासून पार लांब गाडी लावतात आणि उन्हातून चालत येतात. त्या झाडाखालच्या जागा ठरलेल्या आहेत. एखादा गेला की त्याच्या दफनाच्या दिवशीच जागेची चौकशी सुरू होते. पाद्र्याचं संपेपर्यंत थांबतात, एवढी सभ्यता आहे. मला तिथे जागा नाही. मी तीस वर्षं शाळेची मुख्याध्यापिका होते आणि ज्यांना मी नापास केलं ते सगळे आता तिथे गाड्या लावतात.

त्यामुळे माझी गाडी घरामागच्या भिंतीला पाठ लावून उभी असते. दुपारनंतर भिंतीची पडेल तेवढी सावली तिची. गेल्या बुधवारी रात्री मी ती भरून ठेवली. आईच्या पद्धतीचा सुक्या मेव्याचा केक, तुला हवा होता तो आईचा ब्रोच, माझा निळा पोशाख, आणि स्टीअरिंग धरायचे भट्टीचे हातमोजे. (हसू नकोस. जूनपासून इथे स्टीअरिंग उघड्या हाताने धरणारा माणूस एकतर परगावचा असतो किंवा दुसऱ्यांदा धरत नाही.) लग्न शनिवारी संध्याकाळी होतं आणि मी गुरुवारी पहाटे निघणार होते, कारण नदी, मालगाडी वगैरे सर्व शत्रूंना पुरेसा वेळ देऊनही वेळेवर पोचायचं असं मी ठरवलं होतं. आमच्याकडे गाडी सुरू करण्यापूर्वी खाली वाकून बघायची रीत आहे. मी वाकले. मागच्या चाकाला पाठ टेकून, चेहरा पुढे करून, कासव बसलं होतं.

वाळवंटातलं कासव काय चीज आहे हे तुला सांगायला हवं. त्याला हात लावता येत नाही. कायदा तर आहेच, पण कायद्याहून वाईट म्हणजे ते घाबरलं की अंगात साठवून ठेवलेलं वर्षभराचं पाणी सोडून देतं आणि मग तहानेनं मरतं. गाडीखाली कासव असेल तर ते आपण होऊन उठेपर्यंत थांबायचं, बस. गाडी पुढे घ्यावी तर कासव चाकाखाली, मागे घ्यावी तर भिंत. इथल्या नोकरीच्या ठिकाणी 'गाडीखाली कासव' हे कारण सगळे एकही प्रश्न न विचारता मान्य करतात. फक्त एका ठिकाणी ते कधीच मान्य होत नसे, ते म्हणजे माझी शाळा. मी स्वतः चालत जाऊन, वाकून, खात्री करून घेत असे.

मी वन्यजीव खात्याच्या कचेरीत फोन लावला. फोनवर वेस्ली हगिन्स होता. मी त्याला ओळखलं नाही. त्याने मला लगेच ओळखलं. सगळं ऐकून घेऊन तो अतिशय सावकाश म्हणाला, "बाई, तुम्ही स्वतः वाकून बघितलंत का? की नुसतं ऐकलंय?" वेस्लीला मी एकदा परीक्षेला उशिरा आला म्हणून बाहेर उभं केलं होतं. त्यानंतर त्याने मला नियम वाचून दाखवले. हात लावायचा नाही, ढकलायचं नाही, जॅक लावायचा नाही, खायला घालायचं नाही. मी विचारलं, मग करायचं काय? तो म्हणाला, "शांत बसायचं, बाई. हाताची घडी." फोन ठेवताना मागे कोणीतरी हसल्याचं मला स्पष्ट ऐकू आलं.

शुक्रवारपर्यंत ही बातमी गावभर झाली. (इथे बातमी उन्हात चालत नाही, पण कशी कोण जाणे पोचते.) सर्वांत आधी आला ऑरिन टास्कर. हा माझा कुंपणापलीकडचा शेजारी. रेल्वेत इंजिन चालवायचा, आता निवृत्त, विधुर, आणि मत देण्याचा त्याला सोस आहे. माझा कूलर बिघडला की तो न बोलावता छपरावर चढतो, गवताच्या जाळ्या बदलतो, आणि खाली उतरून मला सांगतो की त्या मी दोन महिन्यांपूर्वीच बदलायला हव्या होत्या. गाडीखाली बघून त्याने कासवाचं नाव 'नवरदेव' ठेवलं, कारण म्हणे याच्यावाचून लग्न अडलंय. मी वन्य प्राण्याला नाव ठेवण्याच्या विरोधात आहे हे त्याला बजावून सांगितलं. संध्याकाळपर्यंत अख्खं गाव कुंपणावरून विचारत होतं, "बाई, नवरदेव उठला का?"

त्यानंतर ऑरिनने युक्ती काढली. कासव सावलीसाठी आलंय, तर शेजारीच त्याहून मोठी, त्याहून गार सावली करायची. मग ते आपण होऊन तिकडे जाईल, हात लावायचा प्रश्नच नाही. विचार वाईट नव्हता. (हे मी त्याच्यापुढे बोललेले नाही.) त्याने रेल्वेची जुनी ताडपत्री आणली, चार खांब पुरले, जमिनीवर पाणी शिंपडलं. सोडा वेल्समध्ये एवढी मोठी सावली यापूर्वी कोणी पाहिली नव्हती. कासव जागचं हललं नाही. पहिल्या तासात तिथे ऑरिनचा कुत्रा येऊन झोपला. दुसऱ्या तासात रमोना दुकान बंद करून खुर्ची घेऊन आली आणि पोस्टाची तिकिटं तिथेच विकायला लागली. मग तुतीखालची मंडळी आली. पेट्रोल पंपावरचे दोघे भाऊ, ज्यांचं एकमेकांशी बोलणं नाही, ते ताडपत्रीच्या दोन टोकांना बसले आणि सावली सरकत गेली तसे नाइलाजाने एकमेकांच्या मांडीला मांडी लावून बसले. कुणीतरी पत्ते काढले. माझ्या अंगणात, माझ्या परवानगीशिवाय, मी शिकवलेली माणसं पत्ते खेळत होती आणि मी त्यांना सरबत देत होते. का देत होते ते मला सांगता येणार नाही.

तू विचारशील, कोणाची दुसरी गाडी नव्हती का? बस सोमवारी येते. रमोनाच्या गाडीला ब्रेक नाहीत. ती उताराचा रस्ता टाळते. पंपावरच्या भावांची गाडी सामाईक आहे, त्यामुळे ती कोणीच चालवत नाही. ऑरिनचा ट्रक उपलब्ध नव्हता. या विषयावर एवढं पुरे.

तर शनिवारी संध्याकाळी तू तिकडे उभी होतीस तेव्हा मी इथे काय करत होते, ते ऐक. त्या वेळी ताडपत्रीखाली सगळे उठून उभे राहिले. मी सांगितलं नव्हतं. रमोनाने रेडिओ लावला, त्यावर गुरांच्या भावाची माहिती चालू होती, ती तिने आवाज लहान करून तशीच चालू ठेवली. गाडीतून तुझा केक काढला. तीन दिवस बंद गाडीत राहून तो पुन्हा एकदा भाजला गेला होता आणि वरची साखर ओघळून माझ्या निळ्या पोशाखावर जमली होती. ऑरिनने तो करवतीने कापला. मी अतिशयोक्ती करत नाही, सुरी वाकली. सगळ्यांनी तुझ्या नावाने सरबताचे पेले उंचावले. तुला ज्यांनी कधी पाहिलं नाही अशा माणसांनी तुझ्या लग्नाचा केक चोखून चोखून खाल्ला आणि पंपावरचा थोरला भाऊ रडला. धाकट्याने त्याला आपला रुमाल दिला. तेव्हा तुझ्या लग्नाला मी नव्हते असं म्हणण्यापूर्वी, तुझं लग्न इथेही झालं, हे ध्यानात घे.

तू मला माफ करावंस असं मी लिहिणार नाही, कारण कासव मी बसवलं नव्हतं. पण फोन उचलावास. एवढंच.

तुझी थोरली बहीण,
ऑगस्टा प्रूइट

ता. क. केकचा एक तुकडा वेगळ्या पाकिटातून पाठवते आहे. दातांना जपून. डेल्बर्टरावांचे दात स्वतःचे आहेत की कसे, हे मला माहीत नाही.

ता. क. २. वाचून पाहता एका ठिकाणी माझ्याकडून वस्तुस्थिती अपुरी लिहिली गेली आहे. ऑरिनचा ट्रक उपलब्ध होता. शनिवारी पहाटे तो धुऊन दारात उभा होता. कुत्र्याची जागा झाडून तिथे चादर घातली होती आणि ऑरिनने टाय बांधला होता. (रेल्वेचा. इंजिनाचं चित्र असलेला.) मी दार उघडून पाय आत ठेवला होता. तेव्हा तो म्हणाला, "ऑगस्टा, एका लग्नाला निघालोच आहोत, तर दोन उरकून येऊ." एवढ्या वर्षांत त्याने मला 'बाई' सोडून दुसरी हाक मारलेली नव्हती. मी पाय बाहेर काढला आणि सांगितलं की गाडीखाली कासव असताना त्याला एकटं टाकून मला कुठेही जाता येणार नाही, आणि त्याच्या प्रश्नाचं उत्तर मी कासव उठल्यावर देईन. तो म्हणाला बरं, आणि ट्रक परत नेऊन लावला. माझ्या तीस वर्षांच्या नोकरीत हे कारण कोणी माझ्यापुढे केलं असतं तर मी त्याला घरी पाठवलं असतं.

ता. क. ३. (एव्हाना संध्याकाळ झाली आहे.) कासव काल पहाटे उठलं. मी स्वयंपाकघरातून बघत होते. अंगण ओलांडून, कुंपणाखालून, मागे वळूनही न बघता निघून गेलं. मी ही गोष्ट अजून कोणालाही सांगितलेली नाही. चाकापुढे ओलं पोतं टांगलं आहे, त्यामुळे बाहेरून दिसत नाही. ऑरिन सकाळ-संध्याकाळ विचारतो, नवरदेव उठला का? मी खोटं बोलत नाही. मी म्हणते, पोतं जागेवर आहे.

आता तुझ्याकडे काम असं आहे. तू हे तीनदा केलं आहेस. त्याबद्दल तिन्ही वेळा मी तुला काय काय लिहिलं होतं ते कृपा करून आत्ता काढून वाचू नकोस. 'हो' म्हणायचं झाल्यास ते नेमकं कसं म्हणतात? उभं राहून की बसून? आधी त्याने पुन्हा विचारावं लागतं, की जुना प्रश्न चालतो? आणि अंगणात अर्धं गाव पत्ते खेळत असताना म्हणता येतं का? (ते अजून गेलेले नाहीत.) आईचा ब्रोच तुला देणार होते, पण काही दिवस माझ्याकडेच राहू दे. लागेल असं वाटतं.

घाई यासाठी की आज सकाळी ऑरिन आला आणि लेट्यूसचा एक गड्डा पोत्यापाशी ठेवून गेला. जाताना म्हणाला, "सावकाश होऊ दे. त्याला हवं तितकं बसू दे." आता, वन्य कासवाला खायला घालायला बंदी आहे हे ऑरिनला पक्कं माहीत आहे, वेस्लीचे नियम मी त्याला शब्दशः ऐकवले होते, आणि सिग्नल मोडणाऱ्यांपैकी तो नाही. त्यावरून पोत्यामागे काही नाही हे त्याला कालपासूनच ठाऊक असावं, असा माझा तर्क आहे.

लेट्यूस मी दुपारी खाल्लं. चांगलं होतं.

शुक्रवारी संध्याकाळी मी फोन करीन. तो उचल. मी कारणं ऐकून घेत नाही, हे तुला माहीतच आहे.