आक्काचे गुण धरत नाहीत

२८ जुलै

घोड्यावरून भांडण! तेही डायलिसिसच्या खोलीत, सगळ्यांच्या देखत.

भिंतीवरच्या टीव्हीवर ऑलिंपिक लागलेलं. भाऊ खुर्चीत आडवा, दंडात दोन सुया, रक्त यंत्रात जाऊन गाळून परत येतंय. मी शेजारी स्टुलावर गिऱ्हाइकाच्या पँटची शिलाई उसवत बसलेली. तेवढ्यात भाऊच्या पाठचा आमचा नाना आला, नि टीव्हीवर घोडा ठुमकत चाललेला. झालं! "घोडा नाचतो आणि पदक माणसाला? उद्या कोंबडा आणा, तोही ऐटीत चालतो!"

नानाचं सगळं आयुष्य ट्रकच्या वजनकाट्यावर गेलं. काटा बोलतो, माणसानं गप्प बसायचं — एवढंच त्याचं तत्त्वज्ञान. पळणं, पोहणं, वजन उचलणं हे खेळ. घड्याळ आहे, फूटपट्टी आहे. बाकी सगळं 'मला आवडलं, तुला नाही आवडलं.' "ती जिम्नॅस्टिक्समध्ये फीत फिरवणारी पोरगी खेळाडू, तर आपली आक्का चाळीस वर्षं गळ्यात टेप घालून फिरतेय, तिला का नाही पदक?"

भाऊ हळूच म्हणाला, "नाना, वजन उचलतात तिथं काय, काटा निकाल देतो?"

"मग!"

"तीन पंच बसतात रे. पांढरा दिवा, लाल दिवा. हात सरळ झाला नाही तर डोंगर उचललास तरी फुकट."

नानाचं तोंड बघण्यासारखं झालं! सिस्टर ओरडल्या, "आजोबा, हसू नका, सुई हलेल."

टॅक्सीतून घरी येताना भाऊ खिडकीबाहेर बघत म्हणाला, "आक्का, मला हे डायलिसिस बंद करायचंय. पुरे झालं."

मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

३० जुलै

आज डॉक्टरीणबाईंसमोरच बोलला. त्यांना आश्चर्य वाटलं नाही, मलाच वाटलं. हृदय थकलंय, नवीन मूत्रपिंड बसवता येणार नाही, हे माहीत होतं. बंद केलं तर आठवडा, फार तर दोन. दुखणार नाही एवढं बघू, म्हणाल्या. निर्णय त्याचा आहे, म्हणाल्या.

त्याचा कसा? माझ्या पाठचा तो. लग्न केलं नाही. सार्वजनिक तलावावर अर्ध्या गावाच्या पोरांना सूर मारायला शिकवलं. आमचे हे गेल्यावर स्वतःची पेटी घेऊन माझ्याकडे आला — "तुला एकटीला शिवणयंत्राचा आवाज ऐकवत बसवणार नाही." जन्म पाण्यात काढला, आणि आता दिवसाला मोजकं पाणी! बर्फाचा खडा चघळत बसतो.

"एक दिवस यंत्रावर," म्हणाला, "दुसरा दिवस यंत्राच्या थकव्याचा. माझा दिवस कुठला, सांग."

मी म्हटलं, "नाही म्हणजे नाही." उचलली जीभ लावली टाळ्याला.

३१ जुलै

बोलले नाही त्याच्याशी. एका शर्टाची सगळी बटणं उलट्या बाजूला लावून ठेवली!

२ ऑगस्ट

रविवार. नाना आला, बेबी आली. बेबी म्हणजे आमचं शेंडेफळ, अडुसष्ट वर्षांची. शाळेत चित्रकला शिकवायची.

टीव्हीवर सूर मारण्याची स्पर्धा. बेबी म्हणाली, किती सुंदर! नाना म्हणाला, सुंदर तर इंद्रधनुष्यही असतं, त्याला कोण पदक देतं? बेबी भडकली. "हजारो चित्रांना गुण दिलेत मी. डोळ्यांनाही काटा असतो, फक्त तो घडवावा लागतो!"

"तुझा काटा गोऱ्या पोरींकडे झुकायचा."

"तुझा चहापाण्याकडे!"

भाऊ हसता हसता खोकला. जुनाच खेळ तो. लहानपणी भाऊ तलावावर सूर मारायचा, आम्ही तिघं कट्ट्यावर बसून बोटांनी गुण द्यायचो. भाऊनं पेपरात वाचलं, की पंचांतले सगळ्यांत जास्त आणि सगळ्यांत कमी गुण वगळतात. शहाण्यानं आम्हालाही तोच नियम लावला! तिघांतले दोघे वगळले की उरतं काय? मी नेहमी दहा देणार. पोटावर आपटला तरी दहा. नाना चार-पाचाच्या वर जाणार नाही. म्हणजे दरवेळी बेबीचेच गुण! मी रडले की भाऊ म्हणायचा, "आक्काचे गुण धरत नाहीत, ती माया करते."

मग त्यानं टीव्ही बंद केला आणि त्या दोघांना सांगितलं.

बेबीनं पदर तोंडात धरला.

भाऊ म्हणाला, "आता भांडू नका. गुण द्या. दहा म्हणजे 'भाऊ, थांबव.' शून्य म्हणजे 'यंत्रावर राहा.' मधले धरू."

"चेष्टा आहे का ही?" मी म्हटलं.

"दहा," नाना म्हणाला.

मी त्याच्याकडे बघतच राहिले. या दगडानं कुणाला दहा दिलेले मी पाहिले नव्हते. मान खाली घालून म्हणाला, "जास्त लादलेल्या गाड्या मी आयुष्यभर परत पाठवल्या, आक्का. एकेकीचा आस पार वाकलेला असायचा. लादण्यालाही मर्यादा असते."

बेबी रडत म्हणाली, "पाच."

"पाच? मग काय एकाच सुईवर राहू?" — भाऊ!

मी शून्य दिलं. आयुष्यात पहिल्यांदा.

दहा गेले, शून्य गेलं, पाच उरले. भाऊ म्हणाला, "बरोबरी. या आठवड्यात जातो यंत्रावर. कुणाला गुण बदलायचे असले तर बदला." बोलला सगळ्यांना, पण बघितलं माझ्याकडे.

४ ऑगस्ट

आज फार वाईट. अर्ध्यावरच पायांत गोळे आले. टॉवेल दातांत धरून पडला होता. मी पोटऱ्या दाबत होते. काय पोटऱ्या होत्या त्या! फळीवरून उडाला की फळी कितीतरी वेळ थरथरत राहायची. आता माझ्या मुठीत मावतात.

जरा शांत झाल्यावर टीव्हीकडे बघून म्हणाला, "हवेतल्या गिरक्या सगळेच बघतात, आक्का. पंच बघतो पाण्यात शिरणं. शिंतोडा उडाला की गुण गेले." थोड्या वेळानं — "अजून शुद्ध आहे, विनोद सुचतोय, तोवर जाऊ दे मला. उशीर केला तर शिंतोडे उडतील. ते तुमच्याच अंगावर."

मी म्हटलं, "उडू देत. मी पुसेन."

"तू पुसशील ग. मला बघवणार नाही."

५ ऑगस्ट

शिवता शिवता हिशेब केला. नानाचे दहा, बेबीचे पाच. मी शून्यावर अडून बसले तर बेबीचे पाच कायम. पाचाच्या वर सरकले तर मधली मी!

आपलेच दात, आपलेच ओठ. कुणाला सांगू?

६ ऑगस्ट

सुया टोचून झाल्यावर त्याच्या कानाशी वाकून म्हटलं, "सात."

डोळे मिटलेलेच होते. "सातच?"

"दहा नाही देता येत रे. या वेळी नाही."

"सात पुष्कळ झाले." मग सिस्टरना हाक मारून सगळ्या खोलीला ऐकू जाईल असं म्हणाला, "ऐकलंत का? आज पहिल्यांदा आमच्या आक्काचे गुण धरले!" शेजारच्या खुर्चीतल्या बाईंनी काही न कळताच टाळ्या वाजवल्या.

मी बेसिनपाशी गेले आणि नळ सोडून उभी राहिले.

८ ऑगस्ट

गेलो नाही.

भाऊनं कपभर चहा घेतला — पूर्ण कप! घोट तोंडात घोळवत, सावकाश. नाना सकाळपासून बसून होता. टीव्हीवर पोरींचा ताफा पाण्यात एका ठेक्यात पाय वर काढत होता. नाना यावर काहीतरी बोलणार, म्हणून आम्ही वाट बघत होतो. बराच वेळ बघितलं आणि म्हणाला, "साडेआठ."

भाऊ म्हणाला, "अरे, घड्याळ कुठंय तुझं?"

"गप रे," नाना म्हणाला आणि त्याच्या पायांवरची चादर उगाचच नीट करत राहिला.

११ ऑगस्ट

जास्त झोपतो. मध्येच जागा होऊन एकेका पोराचं नाव घेतो — "गुडघे जुळव," म्हणतो. त्रास नाही. बेबी त्याचं चित्र काढायला बसली होती, काढता आलं नाही.

१३ ऑगस्ट

भाऊ गेला. सकाळी, झोपेत. हात माझ्या हातात होता.

१७ ऑगस्ट

शिवणयंत्राला हात लावलेला नाही. गिऱ्हाइकं दारातून परत जातात.

नाना म्हणतो सुटला, बेबी म्हणते सुटला. त्यांना म्हणायला काय जातं? त्यांचे गुण वगळले गेले. मधले माझे होते. मी सात म्हटलं आणि भाऊ गेला. शून्यावर घट्ट बसले असते तर आज खुर्चीत असता, नानाला चिडवत असता. साधं दहा द्यायचंही धैर्य झालं नाही मला — आणि सातानं भाऊ घालवला.



२३ ऑगस्ट

डायलिसिसच्या सिस्टर भेटायला आल्या होत्या. बोलता बोलता म्हणाल्या, भाऊंच्या जागी एक तरुण बाई येतात आता. लगेच कशी मिळाली जागा, मी विचारलं. "लगेच कुठं? भाऊंनी जुलै संपायच्या आधीच सांगून ठेवलं होतं — आठ तारखेपासून माझी खुर्ची दुसऱ्या कुणाला द्या."

मी म्हटलं, "मग आधीच का नाही थांबला?"

"मीही विचारलं. म्हणाले, आक्काला तेवढे दिवस लागतील."

म्हणजे याही वेळी माझे गुण धरले नव्हतेच. लबाड!